जुना पट्टा काढायचा, पण वाऱ्याचं काय?

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये कँटरबरीत, डोंगरपायथ्याशी आमच्या दुभत्या गाई आहेत. बांधावर वारा अडवणारी मॅक्रोकार्पा (सायप्रसची एक जात) आणि कॉन्टोर्टा पाइन यांची जुनी रांग आहे. ती काढून तिथली मूळची झाडं लावायची आहेत. सगळं एकदम तोडावं का?
– एक वाचक

उत्तर : कॉन्टोर्टा आधी तोडा. त्याचं हलकं बी वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर जातं. १९९३च्या जैवसुरक्षा कायद्याखाली तो वाढवायला आणि विकायला बंदी आहे. सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्याही खाली, जमिनीलगत कापा. हिरवी डहाळी राहिली तर बुंधा पुन्हा वाढतो. नाही राहिली तर औषध लावायची गरज नाही. जमिनीतलं बी मात्र पुढची काही वर्षं उगवत राहील. ती रोपं लहान असतानाच उपटा.

मॅक्रोकार्पा एवढ्यात तोडू नका. कोवळ्या रोपांना वायव्येचा गरम, कोरडा वारा सोसत नाही. जुन्या रांगेच्या आग्नेयेला, चार-पाच मीटर सोडून नवा पट्टा लावा. मधे रिपर (जमीन खोल चिरणारं नांगरासारखं अवजार) फिरवून जुनी मुळं तोडा, नाहीतर सगळं पाणी तीच ओढतील. आणखी एक अडचण आपल्याकडच्या सवयीमुळे लक्षात येत नाही : तिथे सूर्य उत्तरेकडून येतो, म्हणजे तुमची रोपं जुन्या झाडांच्या सावलीत येणार आणि तिथे दहिवर रेंगाळणार. म्हणून मॅक्रोकार्पाचा शेंडा आणि बाजू छाटून ऊन आत येऊ द्या, आणि थंडी सोसणारी झाडंच निवडा : कोहूहू, कानुका, मानुका, हाराकेके, टी कोउका. त्याच भागातल्या बियांची रोपं घ्या. नायो लावू नका, तो गुरांना विषारी आहे.

तीन ओळी, ओळींत दोन मीटर, झाडांत दीड मीटर. शंभर मीटरला सुमारे २०० रोपं. मर धरून २२० मागवा. दोन्ही बाजूंना विजेचं कुंपण, रोपांपासून किमान एक मीटरवर. गाय मान घालून लांबचं खाते, त्यामुळे दीड मीटर सोडता आलं तर उत्तम.

लावणी एप्रिल-मेमध्ये, पाऊस झाल्यावर. महिनाभर आधी प्रत्येक जागी मीटरभर गोलात तणनाशक मारा. रोपं मरतात ती बहुतेक गवतामुळे आणि सशांमुळे. दोन-तीन वर्षं गवत काढत राहा, प्रत्येक रोपाला संरक्षक नळी लावा.

पट्टा भिंतीसारखा दाट नको. निम्मा वारा आरपार गेला पाहिजे, नाहीतर तो वरून उसळून मागे भोवरे करतो. आडोसा उंचीच्या साधारण दहापट लांब मिळतो. पाच मीटरची झाडं पन्नासेक मीटर सांभाळतील. वीस मीटरच्या मॅक्रोकार्पाएवढं काम एका पट्ट्याकडून होणार नाही, मधे आणखी पट्टे लागतील.

नवी झाडं दोन मीटरच्या वर गेली की मॅक्रोकार्पा तोडा, आणि वायव्येकडे पाडा, नाहीतर नवा पट्टा त्याखाली चिरडेल. हे काम जाणकार तोडणाऱ्याकडूनच करून घ्या. पडलेला पाला, वाळलेलासुद्धा, गाभण गाईंनी खाल्ला तर गाभ पडतो, विशेषतः शेवटच्या महिन्यांत. शेवटची फांदी उचलेपर्यंत त्या शेतात गाभण गाई सोडू नका.