टोनी बेन यांची खासदारकी निवडून येऊनही का गेली होती?

वडिलांच्या पदवीमुळे. बेन हे ब्रिटिश राजकारणी, १९५० पासून ब्रिस्टल साउथ ईस्टचे मजूर पक्षाचे खासदार. १९६० मध्ये वडील लॉर्ड स्टॅन्सगेट (हे १९२९-३१ मध्ये भारतमंत्री होते) वारले आणि उमरावपद आपोआप मुलाकडे आलं. उमरावाला कॉमन्समध्ये (संसदेच्या लोकनियुक्त सभागृहात) बसता येत नसे. १९६१ ची पोटनिवडणूक बेन यांनी जिंकली, तरी न्यायालयाने जागा हरलेल्या हुजूर पक्षाच्या उमेदवाराला दिली! १९६३ मध्ये कायदाच बदलला, तेव्हा पदवी सोडून ते परतले.

पुढे उद्योग, ऊर्जा ही खाती सांभाळली. मंत्रिपदं भोगून माणसं सहसा मवाळ होतात, हे मात्र आणखी डावीकडे सरकले. १९८१ मध्ये पक्षाचं उपनेतेपद डेनिस हीलींविरुद्धच्या लढतीत एका टक्क्याहूनही कमी फरकाने हुकलं. २००१ मध्ये त्यांनी संसद सोडली, नंतर इराक युद्धाविरोधात सभा गाजवल्या.