येशूने पापं घेतली, मग ख्रिस्ती माणसाला हिशेब द्यायचा उरतो का?

उरतो. पापक्षमा मिळालेल्या माणसालाही देवापुढे हिशेब द्यायचा आहे, ज्याचा त्याने, स्वतःच्या तोंडाने. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या (ते बायबलमध्ये आहे) १४व्या अध्यायात हे स्पष्ट सांगितलंय, आणि ते पत्र ज्यांना लिहिलं ते सगळे ख्रिस्तावर विश्वास ठेवलेले लोक होते.

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता. खोलीतला जोडीदार श्रीरामपूरकडचा, ख्रिस्ती. बोलता बोलता तो म्हणाला, ‘येशूने आमची पापं स्वतःवर घेतली.’ त्यावर तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे आठवडाभर काहीही करा, रविवारी माफी मागा, सोमवारी पुन्हा कोरी पाटी? आमच्याकडे केलेलं कर्म कुणाला चुकत नाही.’ त्याला उत्तर सुचलं नाही, आणि तुम्हालाही वाद जिंकल्यासारखं वाटलं नाही. म्हणून इथे विचारलंत.

मी पुण्यातच गुरुवार पेठेत, पंचहौद चर्चच्या परिसरात वाढले. मराठी उपासनेला जाते आणि बरीच वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. मुलंही हेच विचारतात, फक्त आडपडदा न ठेवता: ‘मग चोरी केली तरी चालेल ना बाई?’ त्यामुळे या प्रश्नावर विचार करणं मला टाळता आलेलं नाही, आणि टाळूही नये असं वाटतं. तुमच्या जोडीदाराने सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं आहे.

उरलेलं अर्धं मला सगळ्यात नीट सापडतं ते बायबलच्या नव्या करारातल्या एका छोट्याशा पत्रात. पौलाने ते फिलेमोन नावाच्या माणसाला लिहिलंय. पौल कैदेत आहे. तिथे त्याची गाठ अनेसिमशी पडते. हा अनेसिम फिलेमोनच्या घरचा गुलाम, मालकापासून दुरावलेला. पौलाच्या सहवासात तो ख्रिस्ती होतो. पौलाला तो आपल्याजवळच राहावासा वाटतो, तसं तो लिहितोही. तरीसुद्धा त्याला परत पाठवतो आणि मालकाला कळवतो: याने तुझं काही वाईट केलं असेल किंवा हा तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड. मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितोय, मी ते फेडीन. आणि याला आता गुलाम म्हणून घरात घेऊ नकोस, प्रिय भाऊ म्हणून घे.

बघा, देणं पौलाने अंगावर घेतलं. पण फिलेमोनच्या दारापर्यंतची वाट अनेसिमलाच चालायची होती. दार वाजवायचं त्यानेच, मालकाच्या नजरेला नजर द्यायची त्यानेच. पौल त्याच्या जागी उभा राहिला तो देण्यापुरता, भेटीपुरता नाही. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: हे पत्र नसतं तर अनेसिम परत गेलाच नसता. ज्याला फक्त शिक्षाच दिसते तो लपतो, सबबी शोधतो, नाव बदलतो. आपलं देणं कुणीतरी उचललंय हे ज्याला कळतं, त्यालाच ‘हो, हे मी केलं’ म्हणायचं धैर्य होतं. क्षमेमुळे जबाबदारी पळून जात नाही, ती घेण्याची ताकद माणसात येते, असं आम्ही मानतो तेव्हा आमच्या मनात हे असतं. (गुलामगिरीच्या प्रथेविरुद्धच पौलाने याहून कडक लिहायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं, पण तो स्वतंत्र विषय आहे.)

आता ‘ज्याचा त्याने’ याबद्दल. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात असलेल्या यहूदी लोकांमध्ये एक म्हण चालायची: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. म्हणजे पापं पूर्वजांची, भोग आमचे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात १८वा अध्याय सबंध या म्हणीच्या विरोधात आहे. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, बाप मुलाच्या पापाचा वाहणार नाही. आणि उलटही तितकंच खरं: बाप नीतिमान होता म्हणून वाईट मुलगा सुटत नाही. हे दुसरं वाक्य आम्ही सोयीने विसरतो. आजोबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, आजीला स्तोत्रं तोंडपाठ होती, घराण्यात चार पिढ्या ख्रिस्ती आहेत, यातलं काहीही माझ्या खात्यावर जमा होत नाही. उलट पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की न्यायाला सुरुवात देवाच्या घरापासूनच होते. म्हणजे रांगेत पहिले आम्हीच. लूकच्या शुभवर्तमानात येशूही सांगतो, ज्याला पुष्कळ दिलं त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे विधीतच गुंफलेलं आहे. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा पाळकसाहेबांच्या प्रश्नांना आईबाप आणि धर्ममातापिते त्याच्या वतीने उत्तरं देतात. मूल जाणतं झालं की दृढीकरण होतं. बिशपसाहेब येतात, आणि सगळ्या मंडळीसमोर त्या मुलाला स्वतः विचारलं जातं: तू सैतानाचा त्याग करतोस का, तुझा विश्वास आहे का. त्या वेळी आईने मागून कुजबुजून चालत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे आवाज तिथे थरथरतात, आणि थरथरायलाच हवेत, कारण यापुढे त्यांच्यासाठी दुसरं कुणी उत्तर देणार नसतं.

याच संदर्भात पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्यावाचून मला राहवत नाही. पुण्यापासून दौंडच्या वाटेवर असलेलं केडगाव तुम्हाला ऐकून माहीत असेल, तिथलं मुक्ती मिशन त्यांचं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आसरा दिला होता, शिकवलं होतं, आणि मतांच्या बाबतीत त्यांनी निमूट ऐकावं अशी त्या भगिनींची अपेक्षा होती. रमाबाईंनी ऐकलं नाही. त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवून ठेवलं ते दुसरं मानेवर घ्यायला नाही, मला माझी सद्सद्विवेकबुद्धी आहे, असा त्यांचा सूर आहे. परक्या देशात, पदरात लहान मुलगी, उपकारकर्त्यांच्या छपराखाली राहून हे लिहायला काय लागत असेल याचा विचार करा. कुणाला ही बंडखोरी वाटेल. मला ती देवाची भीती बाळगणाऱ्या बाईची भाषा वाटते. शेवटी उत्तर मलाच द्यायचं आहे, तर माझ्या विश्वासाचा निर्णय मी दुसऱ्यावर कसा सोडू? आणि हीच बाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली आणि विधवा घेऊन आली. रमाबाईंना कुणी जाब विचारलेला नव्हता.

यावरून एक गोष्ट सांगते, जी ‘काहीही करा आणि माफी मागा’ या आक्षेपात कधीच येत नाही. मत्तयच्या २५व्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाचं चित्र काढतो. मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तशी माणसं वेगळी केली जातात. डावीकडच्यांवर ठेवलेला ठपका बघा. खून नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं नाही. उघडा होतो, पांघरूण दिलं नाही. तुरुंगात होतो, भेटायला आला नाहीत. ते चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांनी काहीच केलेलं नसतं, आणि तोच त्यांचा दोष ठरतो. आमच्या उपासनेतल्या पापांगीकारात विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला, जे करायला हवं होतं ते केलं नाही, त्याचीही कबुली असते. सिग्नलला गाडीच्या काचेवर टकटक करणाऱ्या म्हातारीकडे न बघता मोबाइलमध्ये डोकं घालणं कुठल्याच कायद्याने गुन्हा नाही. आमच्या हिशेबात ते मांडलेलं आहे.

आता रविवारच्या माफीकडे येते, कारण तुमच्या आक्षेपाचा खरा काटा तिथे आहे, आणि तो आम्हा ख्रिस्ती लोकांना बोचायलाच हवा. माणसाचं नुकसान करायचं आणि मिटवामिटवी मात्र देवाशी करायची, हा प्रकार आमच्यात चालत नाही असं मी म्हणणार नाही. पण तो शास्त्राला धरून नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. म्हणजे देवाने स्वतःची पाळी मागे ठेवली. याकोबाच्या पत्रात तर मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि देवाच्या कानी जाते. तुमच्या सदाशिव पेठेतलंच घ्या. खोली सोडून जाणाऱ्या मुलाचं डिपॉझिट खोटी दुरुस्ती दाखवून कापणारा घरमालक ख्रिस्ती असेल, तर चर्चमध्ये गुडघे टेकून कितीही रडला तरी त्याचं काम झालेलं नाही. आधी पैसे परत. जक्कय जकातदाराने हेच केलं. येशू त्याच्या घरी उतरला आणि हा उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. कॅथलिक बांधवांमध्ये धर्मगुरूसमोर पापनिवेदन करतात. तिथेही शिकवण अशीच आहे की पाप माफ झालं तरी चोरलेली वस्तू परत करावी लागते, कुणाची बदनामी केली असेल तर ती भरून काढावी लागते.

बायबलमधल्या दावीद राजाचं उदाहरण लोक उलट बाजूने देतात. त्याने उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच. दावीदाने एका वाक्यात कबुली दिली, आणि क्षमाही तिथल्या तिथे मिळाली. पण परिणाम पुसले गेले नाहीत. त्याच्या घरात पुढे जे रक्त सांडलं ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्या प्रकरणातला तान्ह्या बाळाचा मृत्यू मला आजही शांतपणे वाचता येत नाही. तेव्हा ‘सोमवारी कोरी पाटी’ हे निदान दावीदाच्या बाबतीत घडलेलं नाही.

कर्माबद्दल तुम्ही म्हणालात, त्याचा मला आदर आहे. केलेलं चुकत नाही ही जाणीव माणसाला सरळ ठेवते. आमच्याकडचा फरक मला असा दिसतो की हिशेब घेणारा कुणीतरी आहे, आणि तो प्रश्न विचारतो. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम झाडांमागे लपतो तेव्हा देवाचा पहिला शब्द शाप नसतो. ‘तू कुठे आहेस?’ असं तो विचारतो. आणि आदाम काय करतो? ‘तू दिलेल्या बाईने मला फळ दिलं.’ बायकोवर ढकललं, आणि जाता जाता देवावरही. बाई सापावर ढकलते. स्वतःच्या नावाने उत्तर देण्याची वेळ आली की माणूस असाच वागतो, तेव्हाही आणि आताही.

तुम्ही शेवटी विचारलंय, त्या दिवसाची खरंच भीती वाटते का. वाटते, आणि वाटावी असंच मला वाटतं. पण न्यायासनावर जो बसणार आहे तोच माझ्यासाठी क्रूसावर गेला, असा माझा विश्वास आहे, म्हणून ती भीती मला पळवून लावत नाही.

जोडीदाराकडे बायबल असेलच. त्याला फिलेमोनला लिहिलेलं पत्र काढून द्यायला सांगा; तीत या पुस्तकानंतर लगेच येतं, जेमतेम २५ वचनांचं आहे. दोघांनी मिळून मोठ्याने वाचा, आणि अनेसिमच्या जागी स्वतः असतो तर परत गेलो असतो का, हे त्यालाही विचारा.