तयार आले-लसूण पेस्ट वापरावी का?

प्रश्न : नोकरीमुळे सकाळी वेळ मिळत नाही, म्हणून मी बाटलीतली आले-लसूण पेस्ट आणि डब्यातले नारळाचे दूध वापरते. त्याने चव बिघडते, असे सासूबाई म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : पेस्टपुरते सासूबाईंचे म्हणणे बरेचसे खरे आहे. लसणाचा उग्र वास पाकळी ठेचल्यावर तयार होणाऱ्या ॲलिसिनमुळे येतो आणि तो फार काळ टिकत नाही. शिवाय पेस्ट टिकावी म्हणून तिच्यात बहुधा मीठ व आम्ल घातलेले असल्याने पदार्थाला किंचित आंबूस छटा येते. मटणाच्या रश्शात कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि मसाला यांपुढे ही उणीव झाकली जाते (मीठ मात्र हात राखून घालावे). परंतु वरणाच्या फोडणीसाठी चार पाकळ्या ठेचण्याला पर्याय नाही, आणि त्याला मिनिटभरही लागत नाही. रविवारी आले-लसूण वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवल्यास आठवडा सहज निभावतो.

नारळाच्या दुधाचे तसे नाही. माशाच्या कालवणात डब्यातले दूध खुशाल वापरावे, फक्त ते शेवटी घालून आच मंद ठेवावी. सोलकढी मात्र न शिजवता पितात, त्यामुळे तिच्यात डब्याचा वास लपत नाही. तिथे ओला नारळच खवावा.