उएनोतील संग्रहालये पहिल्यांदा पाहताना

टोकियोच्या उएनो उद्यानात अनेक संग्रहालये हाकेच्या अंतरावर असल्यामुळे ती सर्व एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि दिवसाला दोनच निवडावीत, असे मी सुचवेन. सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर सहसा मंगळवारी, हे आधी तपासावे.

सकाळी १८७२ साली स्थापन झालेल्या टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात जावे. मुख्य इमारतीत थेट वरचा मजला गाठावा, कारण जपानी कलेचा कालक्रम तिथूनच सुरू होतो. कागद आणि रेशीम यांवरील चित्रे प्रकाशाने खराब होत असल्याने ती ठरावीक काळाने बदलली जातात, त्यामुळे एखादे विशिष्ट चित्र दिसेलच असे गृहीत धरू नये. नाराजवळच्या होर्यूजी या प्राचीन बौद्ध मंदिराच्या ठेव्याचे दालन मात्र चुकवू नये. तिथे अंधाऱ्या खोलीत स्वतंत्र काचपेट्यांत सोन्याचा मुलामा दिलेल्या वीतभर, दीड वीत उंचीच्या कांस्यमूर्ती उभ्या आहेत आणि त्यांच्याभोवती चारही बाजूंनी फिरता येते. (माझा तासभर इथेच जातो.)

दुपारी पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय पाहावे. वास्तुरचनाकार ल कोर्बुझिए यांची ही १९५९ची इमारत २०१६ साली चंदीगडच्या कॅपिटल संकुलासोबतच जागतिक वारशात समाविष्ट झाली. अंगणात फ्रेंच शिल्पकार रोदँचा ‘विचारवंत’ हा पुतळा आहे.

पाठपिशवी लॉकरमध्ये ठेवावी, त्यासाठी शंभर येनचे नाणे जवळ असू द्यावे आणि टिपणांसाठी पेनऐवजी पेन्सिल न्यावी.