आधी नेटवर्क, मग हॅकिंग

प्रश्न: लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. व्हर्च्युअल मशीनवर (लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर) हॅकिंगचा सराव केला तर घरचं वाय-फाय धोक्यात येईल का?

उत्तर: नेटवर्कची सेटिंग चुकली तर नक्की येईल. रॅमची काळजी नको. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) काली लिनक्सला, म्हणजे हल्ला करणाऱ्या मशीनला, २ जीबी आणि मेटास्प्लॉइटेबल २ ला, म्हणजे ज्यावर हल्ल्याचा सराव करायचा त्या मशीनला, १ जीबी दिली की भागतं. कालीचे अपडेट आधी 'नॅट' या नेटवर्क सेटिंगवर उरका (त्यात इंटरनेट मिळतं), मग दोन्ही मशीन 'होस्ट-ओन्ली'वर टाका (त्यात ती फक्त एकमेकांशी आणि लॅपटॉपशी बोलतात). मी सुरुवातीला घाईघाईत 'ब्रिज्ड' निवडलं होतं. त्यामुळे मेटास्प्लॉइटेबलला थेट घरच्या राउटरने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला. मुद्दाम भोकं ठेवलेलं ते मशीन घरातल्या प्रत्येक फोनच्या आवाक्यात! छातीत धस्सच झालं. तेव्हापासून मशीनचा पत्ता १९२.१६८.५६ ने (व्हर्च्युअलबॉक्सच्या होस्ट-ओन्लीच्या नेहमीच्या आकड्यांनी) सुरू होतोय, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एनमॅपला (नेटवर्क धुंडाळणाऱ्या टूलला) हात लावत नाही. आणि हो, हल्ल्याआधी स्नॅपशॉट (मशीनची आहे ती स्थिती जपून ठेवणारी प्रत) घ्याच.