शहरातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढताना वास्तुरचना आणि इतिहास दोन्ही कसं टिपावं? त्यासाठी कोणती लेन्स घ्यावी?

लेन्सचं आधी उरकतो: आहे ती चालेल. फक्त कॅमेरा वर कलवू नका, नाहीतर उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. मागे सरका, समोरच्या इमारतीत परवानगी मिळाली तर वरच्या मजल्यावरून काढा, किंवा कॅमेरा सरळ धरून खाली आलेला जास्तीचा रस्ता नंतर कापा. शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न कलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, याचसाठी असते, पण ती महाग पडते. सुरुवातीलाच त्यात पैसे घालू नका.

आता इतिहास. माझ्या मते तो दर्शनी सजावटीपेक्षा डागडुजीत जास्त सापडतो. एखादी बुजवलेली खिडकी नीट बघा. वरची कमान जुनीच असते, पण आतल्या विटा वेगळ्या मापाच्या, सांधे चुन्याऐवजी सिमेंटचे. अशा ठिकाणी आधी लांबून अख्खी इमारत घ्या, मग जवळ जाऊन तो सांधा. नुसता सांधा काढून ठेवलात तर वर्षभराने तो कुठला हे तुम्हालाच आठवणार नाही.

कोरीव काम आणि कोनशिलेवरची अक्षरं भिंतीला घासून जाणाऱ्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. उलट इमारतीचा नुसता आकार हवा असेल तर ढगाळ दिवस उत्तम. बर्न्ड आणि हिला बेशर हे जर्मन दांपत्य पाण्याच्या टाक्या आणि भट्ट्यांचे फोटो मुद्दाम तसल्याच उजेडात काढायचं.

आणि कृपा करून तारा, पाट्या, जाहिराती पुसू नका! 1860च्या दशकात पॅरिसच्या पुनर्रचनेचं काम पाहणारा अधिकारी ऑस्मान याच्या योजनेत तिथल्या जुन्या गल्ल्या पाडल्या जात होत्या, तेव्हा छायाचित्रकार शार्ल मारव्हिलने नगर प्रशासनासाठी त्या टिपून ठेवल्या. त्या फोटोंत दुकानांच्या पाट्या आहेत, रस्त्यातून वाहणारं गटारसुद्धा आहे. आज अभ्यासक तेच शोधतात.

जुना फोटो हाती लागला तर त्याच जागी उभं राहून नवा काढा. जागा सापडत नसेल तर त्यात जवळच्या भिंतीच्या कडेमागून लांबच्या मनोऱ्याचा किती भाग डोकावतोय ते पाहा आणि तेवढाच दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरकत राहा. फाइलच्या नावात तारीख, पत्ता आणि कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं, एवढं त्याच दिवशी लिहून टाका.