अनुदान कमी झालं तर: खत, कर्ज आणि घरखर्च

शेतकरी बंधू-भगिनींनो,

खतावरचं अनुदान कमी करण्याचा प्रस्ताव आहे असं कळल्यापासून बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: आत्ताच खत भरून ठेवावं का? एका ताईंनी मात्र विचारलंय, "अनुदान गेलं तर हात आखडायचा कुठे?"

खत भरून ठेवू नका. युरिया हवेतली ओल धरतो, त्याची ढेकळं होतात आणि पैसाही अडकून पडतो.

ताई, तुमचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. आधी वही घ्या. खात्यावर जमा झालेलं अनुदान लक्षात राहतं. पण खताच्या गोणीत, विजेच्या दरात, पीककर्जाच्या व्याजात मुरलेलं अनुदान कुणी लिहून ठेवत नाही. तेही मांडा. ते वजा केल्यावर कोणतं पीक तोट्यात जातं, हे कळलं की निम्मं उत्तर हाती येतं. मुलांचं शिक्षण आणि घरातलं जेवण यांवर पहिली कात्री लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खरा धोका कर्जाचा आहे. न्यूझीलंडने १९८४ पासून शेतीची जवळजवळ सगळी अनुदानं काढून घेतली. अनुदानांमुळे तिथे जमिनीचे भाव फुगले होते. ती गेली आणि भाव कोसळले. फुगलेल्या भावात कर्ज काढून जमीन घेतलेली कुटुंबं सर्वांत जास्त अडचणीत आली. अनेक घरांत पती किंवा पत्नीला शेतीबाहेर नोकरी धरावी लागली. म्हणून अनुदान धरून हिशेब बसतो अशा जमिनीसाठी किंवा यंत्रासाठी आत्ता नवं कर्ज घेऊ नका. जुनं कर्ज असेल, तर हप्ता थकण्याआधीच बँकेशी बोला. थकल्यानंतर बोलणं फार अवघड होतं.

आता खताचं. कपात सगळ्या खतांवर सारखी पडत नाही, आणि घोळ तिथेच होतो. भारतात २०१० साली स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) असलेल्या खतांचे दर मोकळे झाले, युरियाचा मात्र सरकारने बांधलेलाच राहिला. युरियातून फक्त नत्र (नायट्रोजन) मिळतं. लोक स्वस्त युरियाकडे वळले, आणि नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचं प्रमाण २००९-१० मधल्या ४.३:२:१ वरून २०१२-१३ मध्ये ८.२:३.२:१ वर गेलं. नत्र जास्त झालं की पीक हिरवंगार दिसतं, पण लोळतं आणि किडीला लवकर बळी पडतं. ही चूक पुन्हा होऊ देऊ नका.

माती तपासून घ्या. स्फुरद जमिनीत साठून राहतं. अहवालात ते भरपूर दिसलं, तर एखाद्या हंगामात मात्रा कमी केली तरी चालते. नत्राचं तसं नाही, ते पाण्याबरोबर निघून जातं. ते एकदम न देता थोडं थोडं विभागून द्या आणि फेरपालटीत एक द्विदल पीक ठेवा. शेणखत जरूर वापरा, पण एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण ५ किलोच असतं आणि तेही सावकाश मिळतं. सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

भेटायला येताना माती परीक्षणाचा अहवाल आणि कर्जाचा आकडा, दोन्ही घेऊन या. हिशेब आपण एकत्र बसून मांडू. शक्यतो घरातल्या दोघांनीही या.